दाता घरातच, पण रक्तात विषाणू

ऑक्टोबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशात पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सौंसर हे त्याचे तालुके. गोमंतकीय वाचकास हा मुलूख ठाऊक असलाच, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर होणाऱ्या गोटमारीमुळे. राज्यकारभार हिंदीतला, घरोघरी बोली मराठी आणि मोठ्या दुखण्यासाठी वाट नागपूरची. त्या दुखण्यांत सिकलसेल हे एक. विदर्भ व त्याला लागलेला सातपुडा हा या आनुवंशिक रक्तरोगाचा जुना प्रदेश होय. १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने शहडोल येथून त्याच्या निर्मूलनाची मोहीम आरंभिली. सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत रोग हटवावयाचा, असा संकल्प आहे.

परंतु तपासणी म्हणजे उपचार नव्हे. रोग मुळातून घालविणारा रुळलेला उपाय म्हणजे मूलपेशींचे, अर्थात अस्थिमज्जेचे, रोपण. त्यासाठी सख्खे भावंड पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारात एक. असा दाता घरातच सापडावा आणि ऐन वेळी त्याच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू निघावा, यासारखे दुर्दैव नाही. मात्र तेवढ्यावरून ‘दाता बाद’ ऐकून कुटुंबाने परत फिरावे, हे आम्हांस मान्य नाही. दात्यास औषध देऊन विषाणूचे प्रमाण उतरविता येते. रुग्णास आधी लस आणि पुढे औषध देऊन जपता येते. हिपॅटायटिस सी तर बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो, मग दान घेता येते. एचआयव्हीची गोष्ट वेगळी. तेथे दाता नाकारणेच योग्य.

सावधगिरी हवीच. जर्मनीत २०१३ साली श्रीलंकेहून परतलेल्या एका दात्याच्या मूलपेशींतून रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णास डेंग्यू झाला आणि रोपणानंतर नवव्या दिवशी तो दगावला. दात्याचा डेंग्यू कळला तो दान होऊन तीन दिवस उलटल्यावर. पावसाळ्यात डासांशी झुंजणाऱ्या आपल्या किनाऱ्यानेही हे ध्यानी ठेवावे. तथापि रक्ताच्या कर्करोगात अनेकदा थांबायला सवड नसते. सिकलसेलमध्ये बहुधा काही महिने मिळतात. ते महिने कारणी लागावेत, एवढेच आमचे म्हणणे.

म्हणून भावंडांची जुळणी पाहिली जाते त्याच दिवशी विषाणूंचीही तपासणी व्हावी; रोपणाची तारीख ठरल्यावर नव्हे. निकाल गुप्त राहावा. दाता उपवर बहीण असेल, तर गावात कुजबुज व्हायला कितीसा वेळ लागतो? औषधांची अडचण सांगता येणार नाही. २०१८ च्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. राहता राहिली राज्याची सीमा. नागपूरच्या डॉक्टराची चिठ्ठी दाखविताच सौंसरच्या सरकारी दवाखान्यात दात्याची औषधे सुरू व्हावीत, असा स्पष्ट लेखी हुकूम भोपाळहून निघाला पाहिजे.