शल्यचिकित्सकसाहेब, हा भागाकार कोण करणार?

मा. जिल्हा शल्यचिकित्सक यांस,

माझ्या अर्जांवर आवक क्रमांक पडले, उत्तर एकाचेही आले नाही. म्हणून आता चारचौघांत विचारते.

माझा भाऊ ५२ वर्षांचा, हिपॅटायटिस बीचा जुना रुग्ण. आपल्या ओपीडीत दर खेपेला त्याची एसजीपीटी बघतात, ‘नॉर्मल’ लिहितात आणि घरी पाठवतात. ताज्या रिपोर्टवर एसजीपीटी ३८. त्याला निळ्या पेनाने गोल केलाय. त्याच्याच खाली एसजीओटी ६८ आणि मागच्या पानावर प्लेटलेट्स १ लाख १० हजार. तिकडे कुणी ढुंकून पाहिले नाही.

६८ ला ४० या कमाल मर्यादेने भागा, आलेल्या आकड्याला ११० ने, म्हणजे हजारांतल्या प्लेटलेट्सनी भागा आणि १०० ने गुणा. उत्तर १.५ च्या वर जाते. हा एपीआरआय. त्याला ना सुई लागते, ना किट, ना निधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या सूचनांप्रमाणे प्रौढ रुग्णात तो १ च्या वर गेला की सिरॉसिस गृहीत धरून औषध सुरू करायचे, मग एसजीपीटी आणि व्हायरल लोड काहीही असोत. आणि ३८ तरी नॉर्मल कुठे? त्याच सूचनांत पुरुषांसाठी मर्यादा ३० आहे, स्त्रियांसाठी १९. आपल्या छापील कागदावर अजून ४५ आहे. सिरॉसिसमध्ये एसजीपीटी खाली राहू शकते आणि प्लीहा वाढून प्लेटलेट्स घटतात, हे मला आपल्याला सांगावे लागते, याचा मला संताप येतो.

प्रयोगशाळेतल्या मुलींबद्दल तक्रार नाही. त्या आकडे चोख काढतात. ते वाचणारा कुणी नाही.

व्हायरल लोड विचारला की ‘किट नाही, बाहेरून करा’, आणि तो आल्याशिवाय टेनोफोविर नाही. साहेब, तपासण्या आणि औषधे मोफत देणारा राष्ट्रीय कार्यक्रम २८ जुलै २०१८ रोजी सुरू झाला. आपल्या टीबी विभागात सीबीनॅट यंत्र आहे. वेगळे कार्ट्रिज घातले की त्यावर हिपॅटायटिस बीचा व्हायरल लोड मोजता येतो. ते का मागवले जात नाही? देशात २०२२ मध्ये हिपॅटायटिस बीचे २ कोटी ९८ लाख रुग्ण होते. त्यातले किती जण असा ‘नॉर्मल’ कागद खिशात घालून घरी गेले असतील?

भावाला आता दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी आणि एएफपी लागणार, कारण पुढची भीती कॅन्सरची आहे. ओपीडीतल्या हिपॅटायटिस बीच्या प्रत्येक रुग्णाचा एपीआरआय केसपेपरवर लिहायचा लेखी आदेश आजच काढा, आणि या आठवड्यात भावाची गोळी सुरू करा.

एका रुग्णाची बहीण