पहारेकऱ्याला रजा देता येईल का?

त्वचेची पेशी असो वा यकृताची, दोहोंच्या केंद्रकात जनुकांची वही एकच असते. प्रत्येक पेशी तिच्यातील आपल्या कामाची पाने उघडी ठेवते आणि बाकीची मिटून घेते. ही उघडझाप प्रथिने करतात. एकदा मिटलेली पाने कायमची मिटली, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. १९६२ मध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक, मूळ केंद्रक निकामी केलेल्या अंड्यात घातले. त्यातून नवी पिल्ले वाढली आणि त्या समजुतीला मोठा धक्का बसला.

२००६ मध्ये जपानमधील क्योटो विद्यापीठाचे शिन्या यामानाका व काझुतोशी ताकाहाशी यांनी त्यापुढचे पाऊल टाकले. त्यांनी २४ जनुके निवडली, एकेक वगळून पाहिले आणि अखेर चारच पुरेशी ठरली. त्या चार जनुकांपासून बनणारी प्रथिने उंदराच्या साध्या पेशीला पुन्हा मूलपेशीच्या अवस्थेत नेतात. पुढच्याच वर्षी मानवी त्वचेच्या पेशींवरही हे साधले. मूलपेशींसाठी भ्रूण नष्ट करण्याची गरज त्यामुळे उरली नाही. २०१२ चे नोबेल पारितोषिक गर्डन व यामानाका यांना विभागून मिळाले.

मात्र हे रूपांतर फार थोड्या पेशींत घडत असे; यशाचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी. असे का, याचे एक महत्त्वाचे उत्तर २००९ मध्ये अनेक प्रयोगशाळांतून एकाच सुमारास आले. वाट अडवणाऱ्या प्रथिनाचे नाव पी-५३. जनुकीय मजकुराला इजा झाली, की हे प्रथिन पेशीचे विभाजन थांबवते, प्रसंगी तिला मरण पत्करायला लावते. एरवी दुसरे एक प्रथिन त्याचे सतत विघटन घडवून त्याचे प्रमाण कमी ठेवते. संकट येताच ते वाढते. पेशीचे रूप बदलण्याचा खटाटोपही पी-५३ ला संकटच वाटतो. त्याला दडपले, की यशाचे प्रमाण लक्षणीय वाढते.

परंतु पहारेकरी हटवल्यावर दुकानात गिऱ्हाईक जितक्या सहज शिरते, तितक्याच सहज चोरही शिरतो. माणसाच्या सुमारे निम्म्या कर्करोगांत हेच पी-५३ बिघडलेले आढळते. मूळ चार जनुकांपैकी एक, सी-मिक, हेही कर्करोगाशी संबंधित आहे. म्हणून पुढील संशोधनाचा रोख पी-५३ थोड्याच काळापुरते रोखण्याकडे आणि सी-मिकला सौम्य पर्याय शोधण्याकडे वळला.

उपचारातही हीच सावधगिरी दिसते. २०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे एका वृद्धेच्या डोळ्यात, तिच्याच त्वचेपासून घडवलेल्या दृष्टिपटलाच्या पेशींचा थर बसवला गेला. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय बदल आढळताच ते प्रत्यारोपण थांबवण्यात आले.

भारतातही २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या विशिष्ट विकारांसाठी होणारे रक्तमूलपेशींचे प्रत्यारोपण वगळता, इतर मूलपेशी-उपचार मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाहीत. तरीही मधुमेहापासून मतिमंदतेपर्यंत सर्व विकारांवर खात्रीचा गुण येईल, असे सांगून लाखो रुपये मागणारे भेटतात. अशा वेळी कुटुंबाने प्रथम चाचणीच्या अधिकृत नोंदणीचा क्रमांक मागावा. रुग्णाला चाचणीत घेताना त्याच उपचाराचे शुल्क मागितले जात असेल, तर तेथून परतणेच शहाणपणाचे.