पुदुपेट, रिची स्ट्रीट आणि मधला टप

चेन्नईत अण्णा सालईच्या कडेला रिची स्ट्रीट आहे आणि तिथून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, कूवम नदीच्या अंगाला, पुदुपेट. गाड्यांवर डिश-अँटेना बसवण्याच्या आपल्या धंद्यातल्या माणसाने हे दोन बाजार एका दिवसात पाहावेत. रिची स्ट्रीटच्या अरुंद गल्ल्यांत एलएनबी, केबलची भेंडोळी, सेटटॉप बॉक्स, सिग्नल मीटर, कनेक्टर असे सगळे मिळते. पुदुपेटला जुन्या गाड्या सुट्या होतात आणि त्यांचे भाग दुकानांपुढे रचलेले असतात. एका बाजाराला सिग्नल कळतो, दुसऱ्याला पत्रा. गाडीच्या टपावरची अँटेना बदलायची तर दोन्हींची जाण लागते, आणि नेमके हेच काम दोघांच्या मध्ये बेवारस पडून राहते.

गेल्या जानेवारीत चेन्नईच्या सौकारपेठेतल्या एका गलाई कुटुंबाची गाडी पाहायला गेलो होतो. खानापूर-आटपाडी भागातून सोने-चांदी गाळण्याच्या कामासाठी देशभर पांगलेल्या घरांपैकीच हे एक घर. त्यांनी टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये दोन बिछाने, छोटा ओटा आणि टीव्ही बसवून घेतला होता. वर्षातून दोनदा गाडी गावी, विट्याला जाते, वाटेत दोन मुक्काम होतात आणि म्हाताऱ्या आईंना संध्याकाळी सह्याद्री वाहिनी लागतेच. वर्षभरात तीन वेळा डिश बदलूनही चित्र दोन-चार आठवड्यांपलीकडे टिकत नव्हते. डिशवाला म्हणे बॉडीत पाणी येते, ते माझे काम नाही. बॉडीवाला म्हणे भोक डिशवाल्याने पाडले. घरधनी मला म्हणाले, “साहेब, आता चौथी डिश कुठली घेऊ ते सांगा.”

चौथी डिश नको होती, तिसरी ठणठणीत होती. आतले अस्तर उतरवल्यावर दिसले ते असे. जुन्या खांबाच्या भोकाभोवती व्हिनेगरसारखा वास मारणारे स्वस्त सिलिकॉन थापलेले, त्याच्या कडा सुटलेल्या. पाणी केबलच्या अंगाने उतरून छताखालच्या प्लायवूडमध्ये मुरलेले. कनेक्टर हिरवा पडलेला. आणि मधल्या जोडावर जुन्या छपरी अँटेनाचा बूस्टर तसाच बसलेला. तो बूस्टर जमिनीवरच्या प्रक्षेपणाचा, 860 मेगाहर्ट्झच्या आसपास त्याची धाव संपते. डिशवरच्या एलएनबीकडून येणारा सिग्नल 950 ते 2150 मेगाहर्ट्झमध्ये असतो. तीन कारागिरांनी डिश बदलली, बूस्टरवर कोणाचीच नजर गेली नाही. ही चूक चेन्नईपुरती नाही. पुण्यात आणि कोल्हापुरातही मी ती पाहिली आहे, म्हणून या महिन्याचे पान या विषयाला दिले.

आधी अँटेनाबद्दल. तमिळनाडूत टपावर अँटेना उभारण्याची कला जुनी आहे. मद्रास दूरदर्शन 15 ऑगस्ट 1975 रोजी सुरू झाले, आपल्या मुंबई केंद्रानंतर तीन वर्षांनी. पण तिथल्या कारागिरांची खरी परीक्षा झाली 1982 नंतर, श्रीलंकेची रूपवाहिनी सुरू झाल्यावर. समुद्रापलीकडचे ते चित्र पकडायला किनारपट्टीवर, अगदी मद्रासपर्यंत, लोकांनी उंच पाईप उभे केले, तारांचे ताण दिले, बूस्टर लावले. जमिनीला ताण बांधून वीस फुटी खांब वाऱ्यात उभा ठेवणारी ती पिढी आता म्हातारी झाली. त्यांच्या हातचे काम मी पाहिले आहे. खांबाच्या बुडाशी पाणी थांबू नये म्हणून ते जी काळजी घेत, ती आजच्या गाड्यांच्या टपावर क्वचित दिसते.

जमिनीवरचे अॅनालॉग प्रक्षेपण आपल्याकडे आता जवळपास उरलेले नाही. प्रसार भारतीने त्याचे प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मोक्याच्या जागांवरचे सुमारे 50 सोडून बाकीचे मार्च 2022 पर्यंत थांबवण्याचे ठरले. डिजिटल प्रक्षेपण 2016 मध्ये 16 शहरांसाठी जाहीर झाले. त्यांत चेन्नई होती, मुंबई आणि औरंगाबादही होते. म्हणजे शहराबाहेर धावणाऱ्या गाडीला जमिनीवरच्या सिग्नलचा भरवसा नाही. तरीही गाडीसाठी म्हणून बशीच्या आकाराची ‘डिजिटल अँटेना’ विकणारी दुकाने आहेत. गिऱ्हाईक कोल्हापूरला जाणार हे माहीत असताना त्याला ती विकणे ही फसवणूक आहे. आपल्या वाचकांपैकी कोणी ती विकत असेल तर त्याने ते थांबवावे, असे मी स्पष्ट लिहितो.

अमेरिकेतल्या गाड्यांची गोष्ट इथे उपयोगी पडते. वाइनगार्ड कंपनीची सेन्सार नावाची पंखांसारखी अँटेना तिथल्या हजारो फिरत्या घरांवर आहे. आतून हँडल फिरवून ती उभी करायची, गाडी हलवण्याआधी आडवी पाडायची. 12 जून 2009 रोजी तिथे मोठ्या केंद्रांचे अॅनालॉग प्रक्षेपण बंद झाले आणि बहुतेक वाहिन्या यूएचएफवर आल्या. कंपनीने जुन्या अँटेनाला पुढे जोडायचा एक लहान तुकडा काढला. खांब तोच, भोक तेच, केबलही तीच. छताला हात न लावता सुधारणा झाली. आपल्याकडे सिग्नलची जातच बदलल्यामुळे जुनी अँटेना काढावी लागते, पण जुने भोक मात्र आपल्याला वापरता येते.

म्हणून गिऱ्हाईक आले की पहिला प्रश्न हवा, गाडी उभी कुठे राहते? कोडंबाक्कमच्या चित्रपटवाल्यांची कॅरॅव्हॅन एका चित्रीकरणाच्या जागी आठवडेच्या आठवडे उभी असते. तिच्या टपावर डिश बसवूच नये, असे माझे मत आहे. डिश तिपाईवर जमिनीवर ठेवावी, पायांवर वाळूच्या पिशव्या टाकाव्यात आणि गाडीच्या कुशीत झाकणवाले सॉकेट द्यावे. चेन्नईच्या उन्हात ड्रायव्हर गाडी झाडाखालीच लावणार, आणि झाडाखाली टपावरची डिश आंधळी होते. तिपाई दहा मीटर लांब उघड्यावर नेता येते. चांगल्या आरजी-6 केबलमध्ये एवढ्या अंतराला दोन-अडीच डेसिबल जातात, ते परवडते.

सौकारपेठेतली गाडी मात्र प्रवासात रोज नव्या गावी मुक्काम करते, तिला टपावरची डिशच सोयीची. इथे आकडे कामाला येतात. डीडी फ्री डिश जीसॅट-15 वरून येते, तो 93.5 अंश पूर्वेला आहे. चेन्नईतून तो क्षितिजावर सुमारे 68 अंश, बंगळुरूतून 66, हुबळीतून 62, आणि कोल्हापूर किंवा विट्यातून 60 अंश दिसतो. दिशा फारशी हलत नाही. चेन्नईत उत्तरेपासून 134 अंश, विट्यात 131. एलएनबीचा पीळ दोन्हीकडे 45 च्या आसपासच राहतो. म्हणजे राष्ट्रीय महामार्ग 48 ने चेन्नईहून गावी जाणाऱ्याला मुख्यतः उंचीचा कोन बदलायचा असतो. साठ सेंटीमीटरच्या डिशची झोताची रुंदी जेमतेम तीन अंश, आणि प्रवासातला फरक आठ अंशांचा. ड्रायव्हरला हे कोणी सांगितले नाही तर हुबळीत तो डिश बिघडली असे समजून नवी घेणार. ऑफसेट डिशचे तोंड आणि झोताची दिशा यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक असतो, म्हणून कोनमापक थेट पत्र्यावर टेकवून 68 शोधू नये. कंपनीने दिलेला फरक वजा करावा. गाडीचे एक चाक साईडपट्टीवरून खाली उतरलेले असेल तर दोन अंश तिथेच गेले, त्यामुळे आधी गाडी सपाट उभी करावी.

मोठी डिश घेऊ का, हे नेहमी विचारले जाते. साठऐवजी नव्वद सेंटीमीटर घेतली तर साडेतीन डेसिबल मिळतात आणि पावसात चित्र थोडे जास्त टिकते. चेन्नईचा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर, ईशान्येचा, आणि केयू बँडला तो जड जातो हे खरे. पण नव्वदच्या डिशवर वाऱ्याचा भार सव्वादोन पट, आणि झोत दोन अंशांवर येतो. 12 डिसेंबर 2016 ला वरदा वादळ चेन्नईवर आले तेव्हा पक्क्या गच्च्यांवरच्या डिश उडाल्या. गाडीच्या टपाचा पत्रा तर एक मिलिमीटरचाही नसतो. फिरत्या गाडीला मी साठच देईन आणि मुसळधार पावसातली दहा मिनिटे सोडून देईन.

आता टप. इथे घाई करू नये. जुना खांब काढल्यावर भोकाभोवतीचे सीलंट प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडावे, नव्याचा थर जुन्यावर देऊ नये. प्लायवूड बोटाने दाबून पाहावे. मऊ लागले तर तेवढा तुकडा कापून बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये. आतून भोकापेक्षा चौपट मोठी अॅल्युमिनियमची पट्टी द्यावी म्हणजे भार पत्र्याच्या एका बिंदूवर येत नाही. अॅल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले की खारट हवेत अॅल्युमिनियम खाल्ले जाते, मध्ये नायलॉनचे वॉशर हवे. बोल्ट स्टेनलेसचे, आणि गाडी बेसंटनगरसारख्या समुद्रकाठच्या भागात राहत असेल तर 304 ऐवजी 316 घ्यावेत. त्यातले मॉलिब्डेनम मिठाला तोंड देते. आंबट वासाचे सिलिकॉन धातूला खाते, ते टपावर नकोच. खाली ब्यूटाईलची पट्टी, कडेला पॉलीयुरेथेन. केबल आत शिरण्याआधी खाली एक वळसा द्यावा, म्हणजे पाणी त्या वळशाच्या तळाशी गळून पडते. सौकारपेठेच्या गाडीत हा वळसा असता तर कनेक्टर वाचला असता.

विजेचे थोडक्यात. बरेच सेटटॉप बॉक्स 12 व्होल्टवर चालतात, म्हणून काही जण तो थेट बॅटरीला जोडतात. इंजिन चालू असताना तिथे 14 व्होल्टच्या वर जाते आणि बसगाड्यांत तर 24 असतात. मध्ये कन्व्हर्टर हवाच. बॉक्स एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट पाठवून ध्रुवीकरण बदलतो. गंजलेल्या जोडामुळे 18 चे 15 झाले की 18 वर येणाऱ्या वाहिन्या जातात आणि दोष डिशवर येतो. मीटर लावून व्होल्टेज एलएनबीच्या टोकाला मोजावे, बॉक्सच्या मागे नाही.

आणि उभी राहिलेली डिश. चेन्नईत टी. नगर आणि पश्चिम मांबलमच्या मध्ये दुरैसामी सबवे आहे, रुळांखालून जाणारा. असे ठेंगणे बोगदे शहरभर आहेत. डिश पाडायला विसरलेली गाडी अशा जागी पहिल्या फटक्यात खांब आणि पत्रा दोन्ही गमावते. पाटी लावून माणसे विसरायची थांबत नाहीत. खांबाच्या बुडाशी लिमिट स्विच बसवून त्याची तार इग्निशनवर चालणाऱ्या बझरला न्यावी. हे अर्ध्या तासाचे काम आहे, त्याचे पैसे वेगळे लावा, पण ते करा.

महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. त्या गाड्या आता आपल्याही गॅरेजात येतील. माझी विनंती इतकी आहे की काम अर्धे घेऊ नका. डिशवाल्याने बॉडीवाल्याला सोबत घ्यावे किंवा स्वतः सीलंट शिकावे, आणि पावतीवर ‘टपाच्या जोडाची हमी, एक पावसाळा’ असे एकाच्या सहीने लिहून द्यावे. ज्याची सही, त्याचे भोक.

सौकारपेठेच्या त्या गाडीत आम्ही जुनेच भोक वापरले, बूस्टर काढला, केबल नवी टाकली, डिश तीच ठेवली. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला: चेन्नई 68, बंगळुरू 66, हुबळी 62, कोल्हापूर-विटा 60. फेब्रुवारीत ड्रायव्हरचा हुबळीहून फोन आला. त्याने विचारले की 62 म्हणजे कंसावरची रेघ की कोनमापकावरची. कंसावरची, मी म्हणालो. तो फोन चालू ठेवूनच टपावर चढला, आणि थोड्या वेळाने खालून आईंचा आवाज आला की लागले.