नुकसानीची मदत कोणाच्या पदरीं पडावी?

अतिवृष्टीच्या सरकारी मदतीविषयीं बोलणें निघालें कीं तें रकमेच्या तुटपुंजेपणावर येऊन थांबतें. रक्कम तुटपुंजी आहे खरीच. २०२२ ते २०२६ ह्या मुदतीसाठीं केंद्र सरकारनें ठरविलेला जिराईत पिकाचा दर हेक्टरीं ८,५०० रुपये, म्हणजे एकरीं साडेतीन हजारांहूनही कमी. आणि तोही तेहतीस टक्के वा अधिक पीक गेलें असेल तरच. परंतु महसूल खात्यांत कारकुनी करतांना ज्या याद्या नजरेखालून गेल्या, त्यांवरून मला दुसरीच गोष्ट बोचते, व ती सरकारपेक्षां आपणां जमीनधारकांस अधिक लागू आहे.

मदतीची यादी सातबाऱ्यावरील नांवानें होते. पूर्वीं यांत कांहीं वावगें नव्हतें. १९१८ सालीं खेडा जिल्ह्यांत पीक चार आण्यांच्या आंत आलें असें सांगून शेतकऱ्यांनीं सारा तहकूब करण्याची मागणी केली. सवलत साऱ्याची, सारा खातेदाराचा, तेव्हां लाभही खातेदाराचा. आजची मदत निराळ्या जातीची आहे. तिचें कागदोपत्रीं नांवच निविष्ठा अनुदान. बी, खत, औषध यांवरील खर्च बुडाला, तर पुढील पेरणीस कांहीं हातीं यावें म्हणून दिलेली ही रक्कम. २०२५ च्या सप्टेंबरांत सीनेच्या पुरानें सोलापूर व धाराशिवकडील शेतें बुडालीं. त्यानंतर ऑक्टोबरांत राज्य सरकारनें तीन हेक्टरांच्या मर्यादेंत हेक्टरीं १०,००० रुपये अधिक जाहीर केले, तेही रब्बीच्या बियाण्यासाठीं व इतर खर्चासाठीं. रब्बी पेरणार कोण? ज्यानें खरीप पेरला तो. शेत अर्धलीनें किंवा खंडानें लाविलेलें असेल तर त्याचें नांव सातबाऱ्यावर नसतें, आणि पैसा मालकाच्या खात्यावर जमा होतो. (पंचनाम्याच्या दिवशीं तलाठ्यास चहा मात्र कसणाराच पाजतो.)

मालक म्हणतात, जमीन आमची, बुडाली तीही आमची. जमीनच खरडून गेली असेल तर हें म्हणणें वाजवी आहे. २०२५ च्या मदतींत तिच्यासाठीं हेक्टरीं ४७,००० रुपयांचा निराळा दर होता, व ती रक्कम मालकाचीच. पण पाडव्यास खंडाचे रोख पैसे मोजून घेतलेल्या मालकाचें, सोयाबीन कुजल्यानें काय बुडालें? बियाण्याची पिशवी उसनवारीनें आणली दुसऱ्यानें, खळें रिकामें राहिलें दुसऱ्याचें.

नांव लावून देण्याची भीति मला ठाऊक आहे. १९४८ चा कूळकायदा व १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांची आठवण घरोघरीं जिवंत आहे. एकदां कूळ लागलें कीं जमीन गेली, ह्या धास्तीनें सारा व्यवहार तोंडी. म्हणूनच पीकविम्यांत बटाईदारास भाग घेण्याची मुभा असूनही भाडेपट्ट्याच्या कागदावांचून ती कोरडीच राहते. कायदा बदलेल तेव्हां बदलो.

सातबाऱ्यास हात न लावतां एवढें मात्र करतां येईल. व्यवहार ठरतेवेळींच दोन पंचांसमक्ष बोलून ठेवावें कीं पिकाची मदत खर्चाच्या प्रमाणांत वांटली जाईल. खंडाचें शेत असल्यास सर्व कसणाऱ्याची, अर्धलीचें असल्यास बी-खताचा जसा वांटा तशी. आपल्या संघाच्या सभासदांनीं येत्या पाडव्यापासून ही अट घालून घ्यावी, आणि ज्यांच्या खात्यावर दुसऱ्याच्या पिकाची रक्कम पडून आहे त्यांनीं ती पेरणीपूर्वीं त्यास पोंचती करावी.