घाटात पाइप फुटू नये म्हणून



मोटारीचे रबरी पाइप हा चहा पिताना कुणी बोलावा असा विषय नव्हे. पण ज्या घराची चूल वडापच्या जीपवर किंवा मालाच्या टेम्पोवर पेटते, त्या घराला तो परका वाटू नये. कोकणातून वर येताना आंबा घाट असो, फोंडा घाट असो की गगनबावड्याकडे येणारा करूळ घाट असो, भरलेली गाडी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढत असते. नेमका तेव्हाच रेडिएटरचा पाइप फुटतो. उतारू खाली उतरतात आणि त्या दिवसाची कमाई जाते. चालकाने गाडी तशीच पुढे रेटली तर इंजिनचे हेड वाकते, गॅस्केट जळते. पाइपचा खर्च शेकड्यांत असतो, हेडच्या कामाचा हजारांत. गाडीवर कर्जाचा हप्ता असेल तर महिन्याचे सारे गणितच कोलमडते. म्हणून या वेळी पाइप आणि त्याचे जोड यांविषयी.

पाइपमध्ये चालते काय?

इंजिनात जळणाऱ्या इंधनाची बरीचशी उष्णता नुसती वाया जाते आणि ती बाहेर काढावीच लागते. वॉटर पंप पाणी ब्लॉक आणि हेडमधून फिरवतो. गरम झालेले पाणी वरच्या पाइपाने रेडिएटरात येते, तिथे वाऱ्याने निवते आणि खालच्या पाइपाने परत इंजिनात जाते. १९०० च्या सुमारास जर्मनीत विल्हेल्म मायबाख याने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला, तेव्हापासून ही रचना मुळात फारशी बदललेली नाही.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंच आहे. इथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळते. इंजिनातले पाणी तर सहज ९० अंशांवर असते. मग ते उकळत का नाही? कारण रेडिएटरची कॅप दाब धरून ठेवते. प्रेशर कुकरचेच तत्त्व हे. कॅप १ बारची असेल तर साधे पाणीसुद्धा १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. पाइप फुटला की दाब एका क्षणात जातो आणि त्या पाण्याची वाफ होते. गरम गाडीची कॅप उघडणाऱ्याचा चेहरा भाजतो, त्याचेही कारण हेच.

आधी जुना पाइप ओळखा

वरून काळा आणि धडधाकट दिसणारा पाइप आतून कुजलेला असू शकतो. गाडी पूर्ण थंड असताना पाइपाचे टोक जोडापासून दोन-तीन बोटे अंतरावर दाबून पाहा. मधला भाग टणक आणि टोक मऊ, भुसभुशीत लागले, तर रबराला आतून चिरा पडू लागल्या आहेत असे समजावे. पाइप फुगला असेल, तेल लागून चिकट झाला असेल किंवा दाबल्यावर करकरत असेल तर तो बदलावाच. खालच्या पाइपात पुष्कळदा तारेची स्प्रिंग असते. पंपाच्या ओढीने पाइप चपटा होऊ नये म्हणून ती बसवलेली असते. नवा पाइप टाकताना ती फेकून देऊ नये.

उद्यमनगरात करून घेतलेला जोड

जुन्या जीपमध्ये दुसऱ्या गाडीचे इंजिन बसवणे ही आपल्याकडची नित्याची गोष्ट. अशा वेळी इंजिनाचे तोंड ३८ मिलिमीटरचे आणि रेडिएटरचे ३२ चे निघते. बाजारात तयार पाइप मिळत नाही. मग पावले शिवाजी उद्यमनगराकडे वळतात. शेतीच्या पंपांची ऑइल इंजिने बनवत हे कारखाने वाढले. पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतून मोटारींचे ओतीव भाग देशभर जाऊ लागले. इथल्या लेथवर बसलेल्या कामगाराला अर्ध्या तासाचे हे काम. पण काय करायचे ते आपणच नीट सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट कडेची. जोडाच्या दोन्ही टोकांना एक-दीड मिलिमीटर उंचीची गोल कड ठेवायला सांगा. ३८ मिलिमीटरच्या तोंडावर १ बार दाब आला की पाइपाला बाहेर ढकलणारे बळ साडेअकरा किलोच्या आसपास भरते. पाणी ओघळून ओली झालेली गुळगुळीत नळी हे बळ फार काळ पेलत नाही. क्लिप या कडेच्या मागे बसवली की पाइप निसटत नाही. कड धारदार नको, नाहीतर तीच रबर कापते.

दुसरी गोष्ट आतल्या भोकाची. ३८ वरून ३२ वर आले की वाट २९ टक्क्यांनी अरुंद होते. रेडिएटरचे तोंडच ३२ चे असेल तर तेवढे चालवून घ्यावे लागते, पण त्याहून बारीक भोक कदापि ठेवू नये. आत पायरी न ठेवता निमुळता उतार द्यावा. जाड भिंतीच्या हौसेपायी भोक लहान करणारे जोड पुष्कळ दिसतात. गाडी सपाटीला चालते आणि घाटात तापते, ती यामुळेच.

तिसरी गोष्ट धातूची. तांब्या-पितळेच्या जुन्या रेडिएटरला पितळेचा जोड आणि अॅल्युमिनियमच्या रेडिएटरला अॅल्युमिनियमचा, हे सोपे सूत्र. वेगवेगळे धातू पाण्यात एकमेकांना खातात. नळकामाचे जीआय निपल तर बसवूच नये. त्यावरचा जस्ताचा थर कुलंटमध्ये सुटतो आणि रेडिएटरच्या बारीक नळ्यांत गाळ साचतो.

चौथी गोष्ट लवचिकतेची. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, रेडिएटर चेसीसला घट्ट असतो. दोघांना अखंड लोखंडी नळीने जोडले तर नळी तरी तडकेल किंवा रेडिएटरचे तोंड तरी फुटेल. मधे धातू, दोन्ही बाजूंना रबर, अशीच जोडणी असावी. रबर प्रत्येक बाजूला निदान इंचभर जोडावर चढले पाहिजे.

निळा सिलिकॉन पाइप घ्यावा का?

सिलिकॉनचा पाइप १७०-१८० अंशांपर्यंत तग धरतो आणि वर्षानुवर्षे मऊ राहतो. मात्र तो तेल सहन करत नाही. इंजिन तेल गळत असेल तर आधी ती गळती बंद करावी. खाचा असलेली साधी क्लिप त्याला कापते, म्हणून आतून गुळगुळीत पट्टीची क्लिप घ्यावी. साध्या प्रवासी गाडीला चांगल्या प्रतीचा साचातला रबरी पाइप पुरेसा आहे. शोभेसाठी खर्च करण्यापेक्षा तेच पैसे कुलंट आणि नव्या क्लिपांवर घालावेत. गाडी नवी आणि वॉरंटीत असेल तर कंपनीच्या पाइपांना हातच लावू नये.

चार चुकीच्या सवयी

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणे ही पहिली. त्यामुळे इंजिन पुरेसे गरम होत नाही, झिजते आणि डिझेल जास्त खाते. दुसरी, जास्त दाबाची कॅप बसवणे. त्याने दुखणे जात नाही, दुबळा पाइप मात्र लवकर फुटतो. तिसरी, बोअरचे पाणी भरणे. त्यातला क्षार हेडच्या वाटांत साचतो, चहाच्या भांड्याला पांढरे बसते तसा. डिस्टिल्ड पाणी आणि कुलंट निम्मे-निम्मे हेच बरे. चौथी, तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे. त्याने हेडला तडा जातो. गाडी बंद करून निदान अर्धा तास थांबावे.

काम झाले की गॅरेजमध्ये हातपंपाने कॅपवर लिहिलेल्या दाबाएवढी हवा भरून घ्यावी. काटा काही मिनिटे जागचा हलला नाही, तर जोड पक्का. पहिल्या फेरीनंतर गाडी थंड झाल्यावर क्लिपा पुन्हा एकदा आवळाव्यात.

घरच्यांसाठी

कुलंट चवीला गोड पण विषारी असते. उरलेले कुलंट पाण्याच्या बाटलीत भरून घरात ठेवू नये. मूल किंवा कुत्रे-मांजर ते पिऊ शकते. वाफेने कुणी भाजले तर भाजलेला भाग २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. भाजणे मोठे असेल तर लगेच दवाखाना गाठावा.

शेवटी आणखी एक. हा जोड करणारा टर्नर, तो बसवणारा फिटर आणि मोटार मेकॅनिक हे आयटीआयमधले दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत आणि दहावीनंतर ते मुलांना तसेच मुलींनाही खुले आहेत. गॅरेजमध्ये नुसता पान्हा देणारा पोऱ्या म्हणून वर्षे घालवण्यापेक्षा व्हर्नियर वाचायला शिकलेला हात जास्त मजुरी मागू शकतो. गाडीवाल्या घरातील मुलांना या सुट्टीत पाइप कसा तपासायचा एवढे तरी दाखवा. मोजमापाची गोडी तिथून लागते.