पावसाआधीचा गोळीबार

जादुई वास्तववादाला आपल्याकडे दोन बाजूंनी झोडपलं जातं. सामाजिक बांधिलकीची मंडळी म्हणतात, ज्या लॅटिन अमेरिकेत जमीनदार आणि लष्करशहा माणसं चिरडत होते, तिथल्या लेखकांनी चादरींसकट आकाशात जाणाऱ्या सुंदऱ्या रंगवणं हा निव्वळ पळपुटेपणा. संस्कृतीचे अभिमानी म्हणतात, यात नवं ते काय? आमच्या पुराणांत हे पानोपानी आहे. एरवी या दोघांचं आपसात पटत नाही. पण मार्केझचं पुस्तक दोघांनीही एकाच पानावर मिटलेलं असतं, ती सुंदरी वर गेली की लगेच.

पुराणवाल्यांचं आधी उरकून घेऊ. पुराणात चमत्कार वराने नाहीतर शापाने घडतो आणि बघणारे हात जोडतात. कोलंबियाच्या गार्सिया मार्केझच्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षं’ (१९६७) या कादंबरीत रेमेदिओस वर जाते तेव्हा घरातली फर्नांदा हेव्याने जळते आणि पुढे कितीतरी दिवस देवाला विनवत राहते, की माझ्या चादरी तेवढ्या परत पाठव. गावाबाहेरच्या लोकांना तर भलताच संशय: पोरीचं काहीतरी वाकडं पाऊल पडलं असणार आणि घरचे अब्रू झाकायला ही कथा सांगताहेत. मार्केझने पुढे मुलाखतीत सांगितलं, की मूळ प्रसंग जवळपास असाच होता. एका बाईची नात पळून गेली होती आणि त्या बाईने ती स्वर्गात गेल्याचं पसरवलं होतं. म्हणजे हा चमत्कार घराण्याच्या इभ्रतीच्या पोटातून आलेला आहे. भक्तीचा यात काय संबंध?

बांधिलकीवाल्यांचा आक्षेप जड आहे. त्याला बसून उत्तर द्यायला हवं.

कादंबरीतल्या माकोंदो गावात चार वर्षं, अकरा महिने आणि दोन दिवस पाऊस पडतो, हे पुस्तक न वाचलेल्यालाही ठाऊक असतं. तो सुरू कसा होतो हे मात्र कुणी सांगत नाही. केळी कंपनीच्या मजुरांवर गोळीबार होतो, प्रेतं आगगाडीत भरून समुद्राकडे नेली जातात, आणि कंपनीचा ब्राऊनसाहेब सांगतो, की समझोत्यावर सही पाऊस थांबल्यावर होईल. तोवर तीन महिने आभाळात ढग नसतो. साहेबाने तसं म्हटलं आणि पाऊस कोसळला. सही लांबली, मजूर पांगले, रक्त धुऊन निघालं. हा पाऊस निसर्गाचा म्हणायचा की कंपनीच्या कचेरीतला?

आता कोलंबियातली घडलेली हकिगत. नोव्हेंबर १९२८ मध्ये सांता मार्ताच्या परिसरातल्या युनायटेड फ्रूट कंपनीच्या मळ्यांत संप झाला. मागण्या साध्या होत्या: लेखी करार, आठ तासांचा दिवस, आठवड्याची सुट्टी, अपघाताची भरपाई, आणि रोख मजुरीच्या जागी कंपनीच्याच दुकानात चालणाऱ्या चिठ्ठ्या मिळायच्या त्या बंद करणं. कंपनीचं म्हणणं, ही माणसं आमची नव्हेतच, ती कंत्राटदारांची. ५ आणि ६ डिसेंबरच्या मधल्या रात्री सिएनागाच्या स्टेशनसमोर जमलेल्या गर्दीवर लष्कराने गोळ्या झाडल्या. कादंबरीत कंपनीचे वकील कोर्टात सिद्ध करतात, की कंपनीकडे कामगार नव्हते आणि कधीच नव्हते. वाचक हसतो, म्हणतो काय ही कल्पनाशक्ती! अहो, यात कल्पना कुठली? कायदेशीर बचाव आहे हा, थोडा ताणलेला इतकंच. मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्याला तो समजावून सांगावा लागणार नाही.

इथे एक खरा पेच आहे आणि तो इतिहासकाराने टाकलेला आहे. एदुआर्दो पोसादा-कार्बो याने १९९८ मध्ये मांडलं, की या कादंबरीने इतिहासाची जागा बळकावली. पुस्तकात मृत तीन हजार. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या जनरल कोर्तेस वार्गासने मान्य केले ४७. बोगोतातल्या अमेरिकी वकिलातीने हजारावर आकडा वॉशिंग्टनला कळवला, तोही युनायटेड फ्रूटच्याच प्रतिनिधीच्या तोंडचा. मार्केझने नंतर कबूल केलं, की मृतांचा आकडा बराच लहान असावा; आपल्याला मात्र अख्खी आगगाडी भरायची होती. पुढे एका स्मृतिदिनी सिनेटमध्ये तीन हजार हुतात्म्यांसाठी मिनिटभर स्तब्धता पाळायला सांगितलं गेलं, आणि हा किस्सा खुद्द मार्केझनेच आत्मचरित्रात नोंदवला आहे. पोसादा-कार्बोचा मुद्दा मला मान्य आहे. कादंबरीतून आकडा उचलणं चूकच, आणि त्या चुकीचा फायदा नाकारणाऱ्यांना होतो. २०१७ मध्ये कोलंबियाच्या एका खासदारबाईंनी हे हत्याकांडच मिथक असल्याचं सांगून टाकलं. पण कादंबरीचं म्हणणं आकड्यापुरतं नाही. अख्खं गाव ‘इथे काही झालंच नाही’ असं म्हणायला कसं शिकतं, ते तिथे दाखवलंय, आणि २०१७ च्या विधानाने त्याला पुरावाच जोडला.

जादूशिवाय हे लिहिता येत नाही, असा दावा मी करणार नाही. मार्केझचाच मित्र आल्वारो सेपेदा सामुदियो याने याच हत्याकांडावर ‘ला कासा ग्रांदे’ (१९६२) लिहिली. तिच्यात चमत्कार नाही आणि ती पहिल्या प्रतीची आहे. वाद जादूच्या सक्तीचा नाहीच. तिला पळपुटेपणा म्हणण्याचा आहे.

त्या आरोपाला सर्वांत चोख उत्तर क्यूबाच्या आलेहो कार्पेंतिएरने आधीच देऊन ठेवलं आहे. १९४३ मध्ये तो हैतीला गेला आणि १९४९ मध्ये ‘या जगाचं राज्य’ ही कादंबरी आली. मळेवाल्यांवर विषप्रयोग घडवणारा एका हाताने थोटा बंडखोर गुलाम माकान्दाल याला १७५८ मध्ये जाळलं, त्याचं वर्णन तिच्यात आहे. गुलामांना सक्तीने बघायला आणलंय. दोर सुटतात, माकान्दाल डोक्यांवरून उडून जातो, एकच जल्लोष होतो. त्या गोंधळात शिपायांनी त्याला धरून आगीत कोंबलेलं फार थोड्यांना दिसतं. कार्पेंतिएर हे लपवत नाही, सरळ लिहितो. गुलाम हसत-खिदळत मळ्यांवर परततात. रात्री मालक झोपायची टोपी घालून बायकोला सांगतो, बघ, आपल्यातला एक जळताना पाहूनही या काळ्यांना काही वाटत नाही. आणि त्यावरून वंशावंशांतल्या विषमतेचं तत्त्वज्ञान काढतो. एकाच आगीकडे बघणारी दोन माणसं. निव्वळ वास्तववादी लेखकाने हा प्रसंग लिहिला असता तर त्याला मालकाचेच डोळे घ्यावे लागले असते, कारण सरकारी नोंद त्याच डोळ्यांनी झालेली होती. हैतीने १८०४ मध्ये स्वातंत्र्य मिळवलं, ते मालकाच्या नजरेला न दिसलेल्या गोष्टीच्या जोरावर.

मेक्सिकोच्या हुआन रुल्फोचं ‘पेद्रो पारामो’ (१९५५) भुतांचं पुस्तक म्हणून दिलं-घेतलं जातं. कोमाला गावात रात्री एका खोलीत किंकाळी ऐकू येते. कुणाची? तोरिबिओ आल्द्रेते नावाच्या माणसाची, त्याला तिथेच फासावर लटकवलेलं आहे. का? जमिनीच्या हद्दीवरून. म्हणजे आपल्याकडे ज्याला बांधाचा वाद म्हणतात, तोच. पेद्रो पारामोचा कारभारी खोटी तक्रार घेऊन जातो, कायदा आता आपणच करायचा असं मालकाने ठरवलेलंच असतं, आणि प्रकरण मिटतं. रुल्फोच्या भुताला शांती नाही, कारण त्याच्या दाव्याचा निकाल लागलेला नाही. याला सामाजिक साहित्य म्हणायचं नाही तर कशाला?

राहिला तिसरा पक्ष, आणि तो तिथलाच आहे. १९९६ मध्ये चिलीच्या आल्बेर्तो फुगेत आणि सेर्हिओ गोमेस यांनी ‘मॅकओंडो’ नावाचा कथासंग्रह काढला. त्यांची तक्रार रास्त होती: आम्ही मॉल, संगणक आणि शहरातल्या घटस्फोटांबद्दल लिहितो, आणि अमेरिकी संपादक विचारतात, यात उडणाऱ्या आज्या कुठे आहेत? निर्यातीचा माल म्हणून जादू विकली गेली, नकलांचा सुकाळ झाला, हे कबूलच करायला हवं. पण नकलेचा राग मुळावर कशाला? इसाबेल आय्येंदेलाही या नकलाकारांच्या रांगेत बसवतात. तिच्या पहिल्या कादंबरीत (१९८२) आजी क्लारा टेबलं हलवते खरी, पण पुस्तक चिलीतल्या १९७३ च्या लष्करी उठावापाशी पोचतं तशी जादू ओसरत जाते, आणि नात आल्बाच्या कोठडीत क्लाराचा आत्मा येतो तो सुटका करायला नव्हे, तर मरू नकोस, जगून राहा, एवढंच सांगायला. जादू कुठे थांबवायची, हे त्या लेखिकेला कळत होतं.

आणि ही वाट काही बुजलेली नाही. अर्जेंटिनाच्या सामान्ता श्वेब्लिनची ‘दिस्तान्सिया दे रेस्काते’ (२०१४) ही छोटी कादंबरी सोयाबीनच्या पट्ट्यात घडते. ओढ्याचं पाणी पिऊन घोडा मरतो, तेच पाणी लहान मुलाच्या पोटात गेलेलं असतं. डॉक्टर वेळेत पोचणार नाही हे आईला ठाऊक आहे. म्हणून ती पोराला उचलून हिरव्या घरातल्या बाईकडे पळते, आणि ती बाई त्याचा आत्मा दुसऱ्या देहात हलवायचा उपचार करते. हा उपचार खरा की खोटा, हे श्वेब्लिन सांगत नाही. ओढ्यात काय मिसळलं होतं तेही कुणी त्या आईला सांगत नाही, आणि शेतांवर फवारणी चालूच असते.