इंग्रजी व्याकरण आणि मराठीचा पाया

इंग्रजी व्याकरणाचा तास आला की मुलांचे चेहरे उतरतात. कारण विचारावे तर ‘मुले अभ्यासच करीत नाहीत’ असे उत्तर मिळते. हे उत्तर सोयीचे खरे, परंतु यथार्थ नव्हे. इ. स. 2000 पासून महाराष्ट्रात पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यात येऊ लागले. म्हणजे शालान्त परीक्षेपर्यंत दहा वर्षे हा विषय विद्यार्थ्याच्या मागे असतो. इतके असूनही नामाची व्याख्या घडाघडा म्हणणारा विद्यार्थी चार वाक्ये लिहावयास सांगताच अडखळतो. आमच्या मते हा दोष बुद्धीचा नसून पद्धतीचा आहे.

इंग्रजी व्याकरणाचे मूळ तत्त्व मराठीशी ताडून पाहिल्यावाचून आमच्या मुलांस उमगणार नाही. मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्त्यानंतर व कर्माच्या आधी बसते. आपण ‘झाडाखाली’ म्हणतो. इंग्रज ‘अंडर द ट्री’ म्हणून ‘खाली’ हा शब्द आधी घालतो. ‘सीतेने आंबा खाल्ला’, पण ‘पोळी खाल्ली’. इंग्रजीत मात्र दोन्ही ठिकाणी ‘एट’ हे एकच रूप. उलट ‘आय ईट’ आणि ‘शी ईट्स’ हा भेद तिकडचा. ‘ए’ व ‘द’ ही उपपदे तर मराठीत नाहीतच. म्हणून मुले नेमकी तेथेच चुकतात. हे भेद फळ्यावर शेजारी शेजारी मांडले, तर अर्धे भय तत्काळ नाहीसे होईल.

ही युक्ती नवी नव्हे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांस याच वाटेने इंग्रजी शिकविले. परंतु तीस एक अट आहे. दादोबा पांडुरंगांनी 1836 साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते कपाटात ठेवण्यासाठी नव्हे. ज्यास स्वभाषेच्या वाक्यातील कर्ता ओळखता येत नाही, त्यास परभाषेतील कोठून ओळखू येणार?

कोणी म्हणतील, स्वाभिमानी राष्ट्रास ही उठाठेव हवी कशाला? त्यांस आमचे उत्तर असे की, संविधानाच्या 348व्या अनुच्छेदान्वये उच्च न्यायालयाचे कामकाज आजही सामान्यतः इंग्रजीत चालते. कायद्यात ‘शॅल’ म्हटले म्हणजे बहुधा बंधन, ‘मे’ म्हटले म्हणजे बहुधा मुभा. एवढ्याशा शब्दावर माणसाचे घर राहते वा जाते. ज्यास हा भेद कळत नाही, त्याची सही कितीही वळणदार असो, तो वस्तुतः अंगठाच उठवीत असतो.

म्हणून विद्यार्थ्यांस आमचे सांगणे एवढेच की, रोज पाच इंग्रजी वाक्यांचे मराठी करावे, दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून त्यांचे पुन्हा इंग्रजी करावे, आणि मूळ वाक्याशी ताडून आपली चूक आपणच शोधावी. शिक्षकांनीही मराठीस इंग्रजीच्या वर्गातून हाकलून देऊ नये. तिच्याच हाताने इंग्रजीचे दार उघडावे.